खुर्च्यांचे तापमान

ऊर्जा-परीक्षकाने उष्णता टिपणारा कॅमेरा खिडकीकडे रोखला, तेव्हा साहेबांनी त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून विचारले, "हे नारिंगी काय दिसतंय?"

"ऊब आहे, साहेब. चौकटीच्या फटीतून गार हवा आत येते, ती निळी दिसते."

"खिडकी नाही हो. ती खुर्ची!"

हेडक्लार्क काका नुकतेच उठून गेले होते. रिकाम्या गादीवर त्यांच्या बैठकीचा ठसा विझत्या निखाऱ्यासारखा उरला होता.

"कोणी बसून गेलं की थोडा वेळ ऊब राहते," परीक्षक म्हणाला. तो मुळात अबोल होता, आणि हे एक वाक्यही बोललो नसतो तर बरे झाले असते, असे त्याला पुढे अनेकदा वाटले.

"म्हणजे माणूस जागेवर होता की उंडारत होता, हे खुर्चीच सांगते!" साहेबांचा चेहरा उजळला. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'दुर्बीण' म्हणत, आणि आज खरोखरीची दुर्बीण त्यांच्या हाती लागली होती. "रोज दोनदा फेरी मारायची. तुम्ही नि मी. फोटो अहवालाला जोडा. मुख्य कार्यालयाला कळू दे."

"पण साहेब, हे विजेचं ऑडिट आहे..."

"माणूसही ऊर्जाच की! वाया जाते तिथे पकडायची."

परीक्षकाने याआधी रुग्णालय, शाळा आणि शीतगृह तपासले होते. प्रत्येक इमारतीची उधळपट्टी निराळी. रुग्णालयात ती अहोरात्र तापणाऱ्या पाण्याच्या टाक्यांत असते, शाळेत रिकाम्या वर्गांतल्या पंख्यांत, शीतगृहात सताड उघड्या राहिलेल्या दारात. इमारती स्वतःविषयी खोटे बोलत नाहीत. म्हणून माणसांपेक्षा त्याच त्याला जवळच्या वाटत. कार्यालय मात्र त्याने प्रथमच तपासायला घेतले होते.

दुपारी आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई त्याच्यापाशी आल्या. "दादा, तुमच्या यंत्राची नजर जेवणानंतर जरा दुसरीकडे वळवता येईल का?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "का बरं?"

"आई अंथरुणाला खिळलीय. मागच्याच गल्लीत घर. दुपारी जाऊन तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. गेली तशी येते मी. पण साहेबांनी बजावलंय, पुन्हा जागेवर दिसला नाहीत तर डोंगरापलीकडच्या शाखेत बदली."

त्याच्याआधी काकांनीच फाइलीमागून तोंड काढले. "घाबरतेस काय गं? साहेबांना खुर्ची गरम हवीय ना? करू की गरम." आणि कंबर शेकायची आपली रबरी पिशवी त्यांनी खणातून काढली.

युक्ती फळली. ताई आईकडे गेल्या, त्यांच्या गादीवर गरम पाण्याची पिशवी बसली, आणि फेरीची चाहूल लागताच काकांनी ती उचलून घेतली. ताई आत्ताच उठून गेल्यासारखा पडद्यावर नारिंगी ठसा लखलखला. फक्त तो चौकोनी होता. परीक्षकाने तो पाहिला आणि फोटो काढला.

चांगली कल्पना एकट्यापुरती राहत नाही. दुसऱ्या दिवशी कॅशियरला केस कापून घ्यायचे होते, तिसऱ्या दिवशी हिशेबनीसाला मेव्हण्याशी जिन्यात भांडायचे होते. पिशव्या वाढल्या, तशा अडगळीच्या खोलीत पाणी उकळणाऱ्या किटल्या वाढल्या. कॅशियरच्या पिशवीचे बूच निघाले आणि ओल्या पँटमुळे त्याला दिवसभर खरोखरच जागेवर बसावे लागले.

"ताईंची खुर्ची अठ्ठेचाळीस अंश!" साहेब उद्गारले. "इतरांची चाळिशीच्या आतबाहेर. ताईंची प्रकृती बरी आहे ना?"

"त्या कामात जीव ओततात, साहेब," काका गंभीरपणे म्हणाले.

"बघा, बघून शिका!"

इकडे परीक्षकाच्या वीज मोजणाऱ्या मीटरच्या आलेखावर रोज दोन नवे डोंगर उभे राहत होते. ऑडिट सुरू झाल्यापासून विजेचा वापर वाढला, असे त्याच्या बाबतीत कधी घडले नव्हते. अहवालात वाढीचे कारण लिहिणे भाग होते. किटल्या लिहिल्या तर पिशव्या निघणार, पिशव्या निघाल्या तर ताईंची बदली. आणि खोटे लिहिण्याची त्याच्या हाताला सवय नव्हती. शेवटी त्याने एकच शब्द लिहिला: पर्यवेक्षण.

साहेबांना शब्द फार भारदस्त वाटला. "वा! आता शेवटचा फोटो माझ्या खुर्चीचा घ्या."

पडद्यावर ती खुर्ची विहिरीच्या तळासारखी काळीनिळी दिसली. आठवडाभर साहेब इतरांच्या खुर्च्या तपासत हिंडत होते.

"साहेब, थोडं बसता का आधी? मग घेतो."

"छे! आहे तसा घ्या. आपल्याकडे बनवाबनवी चालत नाही."

मुख्य कार्यालयाचे उत्तर थोडक्यात आले. सर्व कर्मचारी जागेवर, साहेब तेवढे गैरहजर. वीजवाढीचे कारणही त्यांचे हिंडणेच. सबब त्यांनी यापुढे स्वतःच्या खुर्चीत बसावे, आणि हेडक्लार्कने कॅमेरा ठेवून घेऊन रोज दुपारी, आगाऊ न कळवता, त्या खुर्चीचा फोटो पाठवावा.

काही दिवसांनी परीक्षक आपले मीटर काढून न्यायला आला. साहेब गाल धरून ताईंच्या टेबलाशी उभे होते. गालाला चांगलीच सूज होती.

"ताई, एक खाजगी काम होतं. दाढ काढून घ्यायची आहे. दातांचे डॉक्टर दुपारीच भेटतात."

"मग जा ना, साहेब."

"कसा जाऊ? फोटो!" साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि पिशवी नको. ती चौकोनी दिसते, हे मला पहिल्या दिवसापासून... म्हणजे, असं ऐकलंय. खरं माणूसच हवं. तुम्ही बसाल का जरा माझ्या खुर्चीत?"

ताईंनी पर्स उचलली. "बसेन की. पण आधी आईची कूस बदलून येते."

"हो, हो, या ना. सावकाश या. मी आहे इथेच."

ताई जिना उतरून गेल्या. साहेब दाढ धरून आत गेले आणि त्या परत येईपर्यंत आपल्या खुर्चीत निमूट बसून राहिले.