अडतीस मिनिटं राहिलेला सिनेमा

दादा गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दोन यंत्रमानव आणि एक अर्धमानव आमच्या टीव्हीतून उतरून बाहेरच्या खोलीत येऊन बसले, तेव्हा मी विचारलं, आता यांना परत कोण पाठवणार? आत्याला विचारलं, ग्रामसेवकाला विचारलं, केबलवाल्याला विचारलं.

उतरले यात त्यांची चूक नव्हती. दादाने जायच्या आदल्या संध्याकाळी तो सिनेमा बावन्नाव्या मिनिटाला थांबवून ठेवला होता. सकाळी तो माळावरच्या विहिरीतून मोटर वर काढायला गेला आणि साखळी तुटली. दोन दिवस टीव्हीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पडद्यावर एक यंत्रमानव एक पाय उचलून तसाच उभा होता. तिसऱ्या दिवशी हौसाआत्या आली. सुतकाच्या घरात टीव्ही चालू ठेवत नाहीत, असं तिने आईला सांगितलं. आईने बटण बंद केलं. थांबवलेलं चित्र बंद केलं की आतल्यांना उभं राहायला जागा उरत नाही. मग ते खाली येतात.

आत्याने त्यांना पाणी दिलं.

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

अर्धमानव पुढे झाला. सिनेमात त्याला सेनापती म्हणतात. त्याचा अर्धा चेहरा चंदेरी रंगाने रंगवलेला होता आणि कानाजवळ रंग सुटला होता. सिनेमा मुळात परक्या भाषेतला असल्यामुळे त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा.

"आम्ही शनीच्या चौथ्या चंद्रावरचे," तो म्हणाला.

"असाल. पण कुणाकडनं?"

"कृष्णात यांच्याकडून."

"मग बसा," दादाचं नाव ऐकून आत्या म्हणाली आणि रडायला लागली.

दादाला असले सिनेमे आवडायचे. त्यांत काही घडत नाही. पत्र्याचे डबे अंगाला बांधलेली माणसं एका लांब बोळातून चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. चंद्र पुठ्ठ्याचा असतो आणि त्याची घडी दिसते. आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दादा पडद्यावर बोट ठेवून मला सांगायचा, "संप्या, बघ की, छातीतली वायर कुठंच जोडलेली न्हाय. तरी गडी चालतोय." मी म्हणायचो, "चालू दे. मला झोप येतीया." शेवटच्या संध्याकाळीही मी उठलोच. "तुझा डबडा सिनेमा तूच बघ," असं म्हणून मी चौकात निघून गेलो. हे माझे त्याच्याशी शेवटचे शब्द. ते आता बदलता येत नाहीत.

दुपारी सेनापतीने रीतसर चौकशी केली.

"आम्हांला सुतक आहे का?"

आत्याने विचार केला. "तुमचा सिनेमा त्यानं किती येळा लावला हुता?"

"सात वेळा."

"मग जवळचंच की. धा दिवस पाळा."

त्यांनी पाळलं. आमच्या घरात चूल पेटत नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी यायची. सेनापती अर्धा माणूस असल्यामुळे अर्धी भाकरी खायचा. नऊ नंबरचा यंत्रमानव दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करायचा. अकरा नंबरचा मात्र काहीच बोलायचा नाही. सिनेमात त्याचं पहिलं वाक्य एक तास वीस मिनिटांनी आहे. तिथपर्यंत गोष्ट पोचली नसल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

अडचण तेलाची झाली. सुतकात अंगाला तेल लावत नाहीत. सहाव्या दिवशी नऊचे गुडघे वाजायला लागले. आठव्या दिवशी तो बसला तो उठेना. मी दुकानातून तेलाची बुधली आणली.

"ठेव ती," आत्या ओरडली. "तुझा भाऊ गेलाय. ह्यास्नी तेल लावतोस?"

"त्याचा सांधा धरलाय, आत्या."

"धरू दे. माझा न्हाय का धरला?"

नऊने मान हलवून तिचं बरोबर असल्याचं सांगितलं. मी बुधली ठेवली.

त्या दिवशी सेनापतीने मला परड्यात नेलं. थांबवलेल्या सिनेमाची जागा तेरा दिवस राखून ठेवतात, असं त्याने सांगितलं. तेराव्यापर्यंत पुढचा भाग कोणी पाहिला नाही तर सिनेमा पुन्हा पहिल्या मिनिटावर जातो. मग दादा कुठे थांबला होता ते कोणालाच कळणार नाही. आणि यांनाही आत जाता येणार नाही, कारण पहिल्या मिनिटाला हे तिघं अजून पृथ्वीवर आलेले नसतात.

मी ताबडतोब निघालो. समोरचे बंडूकाका रिकामेच असतात. त्यांना हाताला धरून आणलं. सेनापतीने त्यांना पाहिलं आणि नकार दिला. मग केबलवाल्याच्या पोराला आणलं. त्यालाही नकार.

"मग कोण पाहिजे तुला?" मी सेनापतीची कॉलर धरली. ती पुठ्ठ्याची निघाली आणि हातात आली. "दादानं थांबवला, दादाच पुढं बघणार. आणि तो तर न्हाय. आता काय करू? सांग की!"

सेनापतीचे ओठ हलले. मी आवाजाची वाट पाहत उभा राहिलो.

"ज्याने थांबवला त्याने पाहायचा असं नसतं," आवाज आला. "ज्याच्यासाठी थांबवला त्याने पाहायचा असतो. बटण दाबलं तेव्हा आम्ही समोरच होतो. ते दाराकडे बघत होते. सातही वेळा दाराकडेच बघत होते."

मी परड्यातल्या दगडावर बसलो. दादाने तो सिनेमा शेवटपर्यंत कधीच पाहिला नव्हता. मी उठून गेलो की तो थांबवायचा, आणि पुन्हा मला बसवलं की पहिल्यापासून लावायचा. मला वाटायचं, याला एकच सिनेमा किती वेळा आवडतो.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं. मी सगळ्यांत आधी नऊचे गुडघे तेलाने मोकळे केले. मग आईसमोर उभा राहिलो. तेरावं व्हायचं होतं, म्हणून टीव्ही अजून आत्याच्या लुगड्याने झाकलेला होता.

"आई, टीव्ही लावायचा हाय."

"लोक काय म्हणतील रं?" आत्या म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. "किती राहिलाय?"

"अडतीस मिनिटं."

"तू बसशील?"

"बसतो."

"उठलास तर तंगडी मोडीन," आई म्हणाली, आणि लुगडं बाजूला करून तिने स्वतः बटण दाबलं.

तिघांनी चपला नसतानाही पाय पुसले आणि ते आत गेले. सेनापतीची कॉलर मी आधीच चिकटपट्टीने बसवून दिली होती. नऊने एक पाय उचलून धरला. मी दादाच्या जागेवर नाही, माझ्याच जागेवर बसलो आणि सुरू केलं.

ते बोळातून चालायला लागले. सात मिनिटं चालले. मग वळले आणि त्याच बोळातून परत आले, फक्त दिवा हिरवा केला होता. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "संप्या, माझी तीन एचपीची मोटर झाली का?" मी उठलो नाही. एका उडत्या यानाला बांधलेली दोरी दिसली. दादाला ती आवडली असती. पाय झिणझिणायला लागले. मी मांडी बदलली, पण उठलो नाही. एक तास विसाव्या मिनिटाला अकरा एका बंद दारापुढे थांबला आणि पहिल्यांदा बोलला.

"इथे कोणी आहे का?"

सिनेमात त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

"हाय," मी म्हणालो.

अकराने मान हलवली आणि पुढे चालायला लागला. शेवटी दार उघडलं. पलीकडे तसाच एक बोळ होता. तिघं त्यातून चालत गेले आणि सिनेमा संपला. शेवट काही फार मोठा नव्हता. पण मी तो पूर्ण पाहिला. आता कोणीही विचारावं, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी इलाहीच्या दुकानात गेलो. तेराव्याला चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स तो करत होता. दादाचा फोटो मोठा करून झाला होता.

"शोकाकुल कोण कोण घ्यायचं?" इलाहीने विचारलं.

"आई, हौसाआत्या, मी, आणि चौकातली पोरं."

"झालं?"

"सेनापती, नऊ आणि अकरा."

"आडनाव?"

"न्हाय."

"गाव तरी?"

"शनीचा चौथा चंद्र."

इलाहीने लिहिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नीट बसतंय का पाहिलं. "पुढं 'आणि समस्त परिवार' टाकू?"

"नको. तिघंच आलते."

नावं आईच्या खाली आणि माझ्या वर घ्यायला मी सांगितलं. त्याने घेतली.