शून्य मिनिटाला वचन नसतं

साळवीकाकांना वेळ विचारणं हा रत्नागिरीतला एक धोक्याचा उद्योग होता.

एकदा संध्याकाळी एक गृहस्थ, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात फणस अशा थाटात, धापा टाकत त्यांच्या दुकानापुढे येऊन थांबले.

"काका, किती वाजले हो?"

काकांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, भिंतीवरच्या अठरा घड्याळांपैकी त्यातल्या त्यात विश्वासू घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मत्तय, सात-सात."

"कोण मत्तय?"

"सातवा अध्याय, सातवं वचन. मागा म्हणजे मिळेल, शोधा म्हणजे सापडेल."

"अहो, माझी गुहागरची गाडी सातची आहे!"

"मग ती आता मागून मिळायची नाही," काका शांतपणे म्हणाले. "शोधायलाच लागा."

हे सगळं मी शेजारच्या दुकानातून ऐकत होतो. मांडवीच्या रस्त्यावर माझं छत्र्यांचं दुकान. म्हणजे वर्षातले चार महिने मी व्यापारी आणि उरलेले आठ महिने साळवीकाकांचा श्रोता. पंच्याऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा माझ्या डोक्यावर थोडे केस होते आणि काकांच्या दुकानात थोडं गिऱ्हाईक.

शमुवेल साळवी हे त्यांचं पूर्ण नाव. काटकुळा बांधा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि काउंटरवर उजव्या हाताला जाडजूड बायबल. त्याची बांधणी सुटली होती म्हणून काकांनी त्याला दोन जुने घड्याळाचे पट्टे जोडून करकचून बांधलं होतं. त्यांचा सिद्धांत सोपा होता. देवाने बायबलाला अध्याय आणि वचनं दिली, माणसाने घड्याळाला तास आणि मिनिटं दिली. तास म्हणजे अध्याय, मिनिट म्हणजे वचन. वर मला सांगायचे, "आणि सदोबा, पुस्तकं सहासष्ट आहेत. कुठलं उघडायचं ते मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठरवतो."

माझ्या तोंडाकडे न बघता ते डोक्याकडे बघत. बारा वाजून सात मिनिटांनी मी वेळ विचारली की ठरलेलं उत्तर यायचं, "लूक बारा-सात. तुमच्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत." मग भिंग लावून खरंच मोजल्यासारखं करत म्हणायचे, "तुझे मोजायला त्याला फार वेळ लागला नसेल." दुपारी छत्र्यांच्या राशीवर मी डुलक्या काढायला लागलो की पाच वाजून आठ मिनिटांनी मधल्या भिंतीवर हातोडी आपटायची. "योहान पाच-आठ! ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग!" दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला कुणी आलं आणि ते झालेलं नसलं, तर काका त्याला गोड बोलून सहा वाजून चौतीस मिनिटांपर्यंत बसवून ठेवत आणि मग सांगत, "मत्तय सहा-चौतीस. उद्याची चिंता करू नका. परवा या."

त्यांची खरी जुगलबंदी व्हायची ती मासळीवाल्या कमळाबाईशी. ती टोपली घेऊन घरी परतताना सहाच्या सुमारास तिथून जायची. एकदा तिला नेमकं सहा वाजून नऊ मिनिटांचं वचन मिळालं. पाच भाकरी आणि दोन मासे, आणि त्यात पाच हजार माणसं जेवली.

कमळाबाईने टोपली खाली ठेवली. "दोन माशांत पाच हजार? कंची मासळी व्हती ती? सुरमय?"

काका विचारात पडले. त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं वाचूनही हा प्रश्न आपल्याला सुचला नव्हता. "तसं लिहिलेलं नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "लहान मासे होते, एवढंच."

"मग बांगडं असतील," कमळाबाई म्हणाली. "आणि मीठमसाला कोणी लावलान ता पन लिवलेला नसंल." आणि टोपली उचलून चालू लागली. दोन दिवस काका त्या बांगड्यांवर चिंतन करत होते.

मात्र बरोबर तासाच्या ठोक्याला त्यांना वेळ विचारून उपयोग नसे. अठरा घड्याळं एकामागून एक पाच वाजले म्हणून कोकलत असत आणि काका ओठ मिटून बसलेले. "एक मिनिट थांबा." का? तर पहिल्या वचनाच्या आधी काही नसतं. "शून्य मिनिटाला वचन नसतं, सदोबा. तिथे देव गप्प, तर साळवी काय बोलणार?"

त्यांची तक्रार होती ती घड्याळाच्या तबकडीबद्दल. लूकच्या बाराव्या अध्यायात बरोब्बर एकोणसाठ वचनं आहेत, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही, याचा त्यांना केवढा आनंद! पण तिथेच दार बंद. "प्रीतीचा अध्याय तेरावा रे. आणि घड्याळ बारावर संपतं." एवढं बोलून ते कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडत.

आता त्यांचं एक गूढ. रोज सकाळी अकरा पस्तीसला काका दुकानाला फळ्या लावत आणि आठ मिनिटांनी काढत. या आठ मिनिटांबद्दल गावात बरेच तर्क होते. कोणी म्हणे बिडी ओढतात, कोणी म्हणे सोन्याची घड्याळं मोजतात. मी एकदा विचारलं.

"काका, अकरा पस्तीसला काय असतं?"

"काम असतं."

"आठच मिनिटांचं?"

"तेवढंच मंजूर आहे," म्हणाले.

त्या सुमारास राजिवड्याचा माजिद आखातातून रजेवर आला. त्याच्याबरोबर काट्यांऐवजी आकडे दाखवणारी घड्याळं आली. किल्ली नको, तेल नको, टिकटिक नाही. पंधरा दिवसांत निम्म्या मांडवीच्या मनगटावर आकडे लुकलुकायला लागले आणि लोक काकांच्या दुकानाकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत जायला लागले. माजिद तसा दिलदार. त्याच्या वडिलांचं गलबतावरचं घड्याळ काकांनी आयुष्यभर सांभाळलेलं. तो एक घड्याळ घेऊन आला. "काका, हे तुमच्यासाठी आणलंय. नाराज होऊ नका. जमानाच बदललाय."

काकांनी ते तळहातावर घेतलं. भिंगातून बघितलं. मी माझ्या दुकानातून बघत होतो. आणि एकदम काका उभे राहिले, त्यांचं स्टूल मागे कलंडलं.

"सदोबा! अरे, टिंबं बघ! दोन टिंबं!"

मी धावलो. घड्याळात दहा, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग अकरा.

"अध्याय, टिंबं, वचन! अगदी शास्त्रात छापतात तसं! मला इतकी वर्षं काटे वाचून अर्थ लावायला लागत होता. यांनी सरळ छापूनच दिलंय!"

माजिदला वाटलं म्हाताऱ्याला धक्का बसला. धीर द्यायला तो म्हणाला, "काका, हे बटण दाबलंत तर चोवीस तासांचं पण होतं. दुपारी एक वाजला की तेरा दाखवतं."

काका मटकन बसायला गेले, पण स्टूल कलंडलेलं होतं. जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, "किती? तेरा?"

त्या दिवशी काका जेवायला घरी गेले नाहीत. तेराव्या अध्यायाची वाट बघत बसले. पण घड्याळात तेराचा आकडा आला आणि हा माणूस तासभर गप्पच. मी डिवचलं, "काय हो, प्रीतीचा अध्याय आला ना तुमचा?"

"आला. पण ज्याला सांगायचा ते माणूस नको का समोर?"

चौदा वाजल्यावर पुन्हा गाडी सुरू. पण मला त्या तासाचा अर्थ कळला होता.

काकांना एकच मुलगी, रूथ. आई लवकर गेली, त्यामुळे ती त्याच दुकानात, टिकटिकीत वाढलेली. तीन वर्षांपूर्वी तिने गुहागरच्या विनायकशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, घरची पोफळीची बाग, मुंबईला छापखान्यात नोकरी, पण हिंदू. काकांनी आकाशपाताळ एक केलं. ती बापाचीच लेक. तिने त्यांच्याच दुकानात उभं राहून त्यांना वचन ऐकवलं. "बाबा, माझं नाव कोणी ठेवलं? शास्त्रातली रूथ परजातीच्या सासूला काय म्हणाली? तुझे लोक ते माझे लोक. एक-सोळा." काकांना आयुष्यात पहिल्यांदा वचन सुचलं नाही म्हणून ते नको ते बोलून गेले. "तू मला मेलीस."

तेव्हापासून ती आली नव्हती. पत्रं यायची ती माझ्या बायकोला, सुमनला. त्या आठवड्यातही आलं. रूथला सातवा महिना लागला होता. शुक्रवारी निघून ती बाळंतपणासाठी सासरी गुहागरला जाणार होती. शेवटी लिहिलं होतं, "वहिनी, माहेरी यावंसं फार वाटतं. पण ज्यांच्या लेखी मी मेलेय त्यांनी हाक मारल्याशिवाय कशी येऊ? एस.टी. चिपळूणहून गुहागरकडे वळेल, मी रत्नागिरीच्या बाजूला बघेन." खाली शेजाऱ्यांचा पी.पी. फोन नंबर होता. नंबर का दिला ते न कळण्याइतकी सुमन वेडी नव्हती. तिने पत्र माझ्या हातात कोंबलं. "जा. आणि पुन्हा बावळटासारखे छत्र्या मोजत बसू नका."

तो बुधवार होता. मी गेलो तेव्हा फळ्या लागलेल्या. मी एक फळी सरकवून सरळ आत शिरलो.

काका बिडी ओढत नव्हते. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, समोर ते नवं घड्याळ ठेवून, रडत होते. घड्याळ दाखवत होतं अकरा, दोन टिंबं, छत्तीस.

"बस," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्याचा राग नव्हता. "योहान अकरा-पस्तीस. सगळ्या शास्त्रातलं सर्वांत लहान वचन. येशू रडला. लाजर नावाचा मित्र मेला म्हणून देवाचा लेक रडला रे. म्हणजे रडायला परवानगी आहे."

"मग आठच मिनिटं का?"

"पुढे वाच. अकरा-त्रेचाळीसला तो मोठ्याने हाक मारतो, लाजरा, बाहेर ये! आणि चार दिवसांचा मेलेला माणूस चालत बाहेर येतो. रडण्यापासून हाकेपर्यंत आठ वचनं. म्हणून माणसाने आठ मिनिटं रडावं. त्यापुढे रडणं म्हणजे अविश्वास."

आम्ही दोघं ती टिंबं लुकलुकताना बघत बसलो. त्रेचाळीस झाले. काकांनी डोळे पुसले, उठले आणि फळ्या काढायला गेले.

आता, मी काही शास्त्री नाही. छत्र्या विकतो. पण इतकी वर्षं शेजारी बसून मलाही थोडी सवय लागली होती.

"काका, त्रेचाळीस झाले."

"हो, म्हणून तर उघडतोय."

"त्रेचाळीसला फळ्या काढायच्या असं लिहिलंय?"

ते थांबले.

"तुम्ही तीन वर्षं रोज पस्तीसला रडता आणि त्रेचाळीसला दुकान उघडता. हाक कधी मारलीत? आणि जी मेली असं तुम्हीच जाहीर केलंत, ती हाकेशिवाय बाहेर येणार कशी?" आणि मी पत्र पुढे केलं.

वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी फळी तशीच भिंतीला टेकवली, घड्याळ मनगटावर बांधलं आणि चालायला लागले. दुकान उघडं टाकून! मी मागे धावलो.

तेव्हा मुंबईला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल. पोस्टात नंबर द्यायचा आणि बाकावर बसायचं. तासाहून जास्त बसलो. काका पुटपुटत वचनं निवडत होते. "घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या उधळ्या पुत्राचं बरं दिसेल का रे? की ते तिलाच टोचेल?" शेजारी कमळाबाई पत्र रजिस्टर करायला आलेली. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि तिचं काम झालं तरी ती हलली नाही.

अखेर आतून पुकारा झाला, "मुंबई! बोला!" काका फोनच्या खोक्यात शिरले. सवयीप्रमाणे त्यांनी मनगटाकडे बघितलं, आणि मी काचेतून तेच बघितलं. तेरा, दोन टिंबं, दोन शून्यं.

शून्य मिनिट! वचन नाही! काका तोंड उघडून नुसते उभे. तारेतून बारीकसा "हॅलो, हॅलो" येत होता. एक मिनिट थांबा असं मुंबईला कसं सांगणार?

आणि मग साळवीकाका ओरडले. ट्रंक कॉलला सगळेच ओरडायचे, पण हे ओरडणं मांडवीच्या धक्क्यावर गेलं असेल.

"रूथ! बाहेर... अगो, घरी ये गो! मी चुकलो! बाबा बोलतोय, मी चुकलो! गुहागरला मागनं जा, आधी घरी ये! जावयांना घेऊन ये!"

शिक्का मारणाऱ्या कारकुनाचा हात हवेत राहिला. अख्खं पोस्ट उभं राहिलं. सगळं स्वतःचं, एकही शब्द शास्त्रातला नाही, आणि मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत उत्तम प्रवचन. तीन मिनिटं झाल्याचं तारेतून सांगितलं तेव्हा काका गरजले, "वाढवा!" पुढची तीन मिनिटं त्यांनी नुसता फोन कानाला धरला.

बाहेर आले ते घामाने भिजून.

"काय म्हणाली?"

"शनिवारी येतात दोघं. मग रडली. फक्त सहा मिनिटं झाली आणि फोन कट झाला. आठातली दोन उरलीत," असं म्हणून ते बाकावर बसले आणि उरलेली दोन मिनिटं त्यांनी चारचौघांत, फळ्या न लावता, रडून घेतली. रडता रडता हसतही होते.

कमळाबाईने पदराने नाक पुसलं आणि मुद्दाम विचारलं, "काका, वाजले किती वो?"

काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "करिंथकरांस पहिलं पत्र. तेरा-आठ."

"म्हंजे काय?"

"प्रीती कधी संपत नाही." त्यांनी मान वर केली. "बारा तासांच्या घड्याळात हे बसतच नव्हतं हो, कमळाबाई."

"ता ऱ्हाऊं दे. पोर येत्येय ना? शनवारी सुरमय आणते. किती आणू?"

"दोन," काका म्हणाले. "भाकऱ्या आम्ही पाच करतो."