मोड्यूल सुरक्षितपणे काढण्यात आले

डोळा हा माणसाचा नाजूक अवयव आहे. सरकारी नोकराचा डोळा त्याहून नाजूक, कारण तो निवृत्तीपर्यंत पुरवायचा असतो.

म्हणूनच नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात (नाव सांगायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मिळालेली नाही) नेटवर्कच्या स्विचमधलं मोड्यूल बिघडलं, तेव्हा प्रमुख करमसिंग गिरासे साहेबांनी आधी परिपत्रक वाचलं. मोड्यूल म्हणजे बोटाएवढी धातूची डबी. तिच्यात काचेच्या तंतूची केबल खोचलेली असते आणि त्या तंतूतल्या प्रकाशावर बसून सगळे दाखले ये-जा करतात. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो, असं परिपत्रकात होतं. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आपल्या कार्यालयांत आदर असतोच.

बाहेर बाकावर काठी गावाहून जीपने आलेली योगिता आणि तिची आई बुधीबाई बसल्या होत्या. योगिताचा नर्सिंगला नंबर लागला होता. जातीचा दाखला संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवायचा होता आणि त्यावर साहेबांची डिजिटल सही तेवढी राहिली होती. सही त्याच लाइनवरून होते. (मोबाइलच्या नेटवर होत नाही, झाली असती तर कार्यालय कशाला, असा प्रश्न निघाला असता.)

कंत्राटदाराचा माणूस दानियल नवापूरहून नवं मोड्यूल घेऊन आला. केबलच्या टोकाला डोळा लावून बघू नका, एवढं पाळलं की झालं, असं त्याने सांगितलं. साहेबांना ते पटलं नाही. न बघणं हा वैयक्तिक निर्णय झाला. प्रशासकीय निर्णय म्हणजे गॉगल. शिपाई अमृतला आठवडे बाजारात पिटाळलं. तिथे लहान मुलांचे गुलाबी गॉगल तेवढे मिळाले. ते घालून सर्व कर्मचारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दानियलने केबल काढून सैल गुंडाळली, टोकांना टोप्या घातल्या, खिट्टी खाली केली आणि मोड्यूल सरळ ओढून घेतलं. पंचनामा झाला. शंभर टक्के डोळे सुखरूप आढळले. जिल्ह्यात असं यश प्रथमच (आधी कुणी मोजलं नव्हतं).

मग दानियलने नवं मोड्यूल बाहेर काढलं आणि साहेबांनी त्याचा हात धरला. परिपत्रकाचा विषय 'सुरक्षितपणे काढणे' असा होता. बसवण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. वरून मार्गदर्शन मागवणं भाग होतं. मार्गदर्शन ई-मेलने मागवतात. ई-मेल त्याच लाइनवरून जातो.

योगिता आत आली. तिने टेबलावरचा एक कोरा कागद पुढे ओढला.

"सर, बसवताना काही झालं तर जबाबदारी माझी, असं लिहून देऊ?"

साहेब खरोखरच गहिवरले. "बेटा, तू कोण आहेस हे कार्यालयाला कळायला हवं ना. त्यासाठी तुझा दाखला लागेल."

काय झालं ते बुधीबाईला उमगेना. लेखनिक चुनीलालने तिला धीर दिला, "मावशी, काळजी करू नको. मशीन एकदम सेफ शे."

कार्यालय बंद होईपर्यंत दोघी थांबल्या. मुदत टळली, तशी त्यांनी परतीची जीप धरली.

यात कॉलेजचं काहीच नुकसान झालं नाही, हे नमूद करायला हवं. तिथे जागा रिकामी ठेवत नाहीत. यादीतल्या पुढच्या मुलीला लगेच फोन गेला. ती तुमची कोण लागते, ते मी विचारणार नाही. पेढे छान होते ना?