थोरल्या सदरेचा शब्द खालीं पडला नाहीं, त्याची हकीकत

न्यायदेवता डोळे झांकून बसली आहे ती सुखें बसो, कान मात्र उघडे ठेवो. राज्यशक शहात्तर, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. हुजुरांतून पुसणें आलें कीं, आपले राज्यांत थोरली सदर म्हणून न्यायाची जागा आहे, ती कैसी जाहली, कैसी वाढली आणि सांप्रत तिजकडे काम तरी काय, हें लिहून द्यावें. आज्ञा शिरीं धरून लिहितों. कमी लिहावें तर बेअदबी आणि जास्त लिहावें तर किल्ला, म्हणोन बेताचें लिहिलें आहे.

थोरले महाराज राज्य संपादून सिंहासनीं बसले, ते समयीं त्यांस चिंता लागली कीं, "आम्ही आहों तोंवर ठीक, परंतु आमचे वंशांत एखादा गाढव निपजला तर त्यास आवरावें कोणीं?" ऐसें स्वमुखें बोलले, आणि युवराज शेजारींच बसले होते ते आपल्या अंगठ्या मोजूं लागले. मग महाराजांनीं अंतोबा शास्त्री म्हणोन एक तिरसट गृहस्थ होते त्यांस बोलावून सदर स्थापिली आणि अधिकार दिधला तो ऐसा कीं, राजाचे शिपायांनीं कोणी माणूस धरिला आणि त्याचे घरचें कोणी सदरेस येऊन रडलें, तर सदरेनें "समक्ष उभा करा" म्हणावें, आणि तो माणूस स्वतःचे पायांवर सदरेपुढें उभा राहीतों त्यास शिक्षा नाहीं, आणि तोंवर राजानें भोजनास बसूं नये. मग माणसें फार त्वरेनें उभीं राहूं लागलीं. एकदां तर बासुंदी वाढलेली असतां महाराज पानावरून उठले, आणि एक धनगर किल्ल्यावरून पालखींत घालून आणविला, आणि अंतोबांनीं त्यास सोडून दिलें, आणि मग महाराज जेवले. लोक म्हणों लागले, राज्य असावें तर ऐसें.

पुढें युवराज गादीवर आले. त्यांस भूक सोसत नसे. मग सदरेपुढें प्रश्न आला कीं, फराळ हें भोजन होय कीं नव्हे, आणि सदरेनें ग्रंथ पाहून ठरविलें कीं नव्हे. मग त्यांचे पुत्र आले, ते उभ्यानें जेवूं लागले, आणि सदरेनें ठरविलें कीं मनाई बसण्यास आहे, जेवण्यास नाहीं. मग शत्रू सरहद्दीवर आला, आणि सदरेनें ठरविलें कीं शत्रू असतां कोण कोठें कैदेंत आहे हें गुप्त राखावें, विशेषेंकरून त्याचे बायकोपासून. एक न्यायाधीश म्हणाले, "मला हें पटत नाहीं." त्यांस समुद्रकांठीं दीपस्तंभावर देखरेखीस पाठविलें, आणि ते वारल्यावर त्यांचा पुतळा सदरेच्या अंगणांत उभारिला, आणि नवे न्यायाधीश त्यास नमस्कार करून आंत येतात आणि त्याचे उलट करितात.

मग शत्रू गेला आणि सदरेस लाज वाटली, आणि लाज भरून काढण्याकरितां सदर सर्वच कामांत लक्ष घालूं लागली. कुत्र्यांनीं कोणत्या प्रहरीं भुंकावें, गोविंदांनीं किती थर लावावे, श्रीखंडांत साखर किती, सर्व सदर ठरवी. आणि सदरेचा एक अभिमान होता कीं, आमचा शब्द कधीं खालीं पडला नाहीं. हें सत्य होय. कारण निकाल देण्यापूर्वीं सदरेचा चोपदार राजवाड्यावर जाऊन पुसून येई कीं, "काय घडणार आहे?" आणि मग तेंच घडावें ऐसी आज्ञा होई. एके वर्षीं सदरेनें समुद्रास भरतीची आज्ञा केली, आणि भरती आली.

ऐसे समयीं विसोपंत मुख्य न्यायाधीश असतां चिमाई कासारीण सदरेस आली. राजाची द्वाही चवाठ्यावर वाचीत असतां कोणी हंसलें, आणि कोण तें न कळल्यावरून शिपायांनीं तिचा नवरा हैबती यास किल्ल्यावर नेलें होतें.

विसोपंतांनीं विचारलें, "बाई, तुझा नवरा हंसला होता काय?"

"नाय जी. दात फुडं हायेत त्याचे. माझी आई गेली तवाबी तसाच दिसत हुता."

"तेव्हां तरी हंसत नव्हता ना?"

"तवा जरा शंका हाय, सरकार. पण द्वाहीला नाय. माणूस हाय की नाय तेवडं तरी सांगा. समक्ष हुबा करा."

सरकारी वकील उठून बोलले कीं, माणूस समक्ष नाहीं, सबब तो आहे हें सिद्ध नाहीं, आणि जो सिद्ध नाहीं त्यास उभा कैसा करावा? विसोपंतांस मुद्दा फार आवडला. पुढील तारीख दिधली, आणि मग कुत्र्यांचें काम निघालें, आणि मग श्रीखंडाचें. चिमाई आठवड्याचे बाजारीं किल्ल्याचे दारीं भाकरी नेऊन देई आणि पहारेकरी ती खात. भाद्रपदांत हैबतीस फांशीं दिलें. बोभाटा नको म्हणोन कोणास कळविलें नाहीं. भाकरी मात्र चालू ठेविली.

मग कार्तिकांत महाराजांस पुत्र जाहला. चोपदार पुसावयास गेला तेव्हां महाराज साखर वांटीत होते, ते म्हणाले, "कोण कासार? सोडा त्यास." कासार मेला हें सांगण्याची छाती दरबारांत कोणाची जाहली नाहीं. मग विसोपंतांनीं निकाल दिधला. ऐसा निकाल पूर्वीं जाहला नव्हता. माणसाची सुटका ही त्याच्या श्वासाइतकी त्याची स्वतःची आहे ऐसें त्यांत लिहिलें, आणि ऐकणारे रडले, आणि हैबतीस समक्ष उभा करून सोडावें ऐसी आज्ञा जाहली. आतां शब्द खालीं कैसा पडावा?

किल्लेदार सिदोजी एक माणूस घेऊन आला, त्यास आंत उभा केला, आणि सदरेच्या पायरीवर चिमाईस बाजूस घेऊन म्हणाला, "वैनी, तुझा धनी गेला. भाद्रपदातच."

चिमाईनें दारांतून आंत पाहिलें. मग म्हणाली, "मग आत कोण हुबा हाय?"

"कुणाचा कोन. का धरला हुता ते मीबी इसरलो. त्याच्यासाठी कुनी आलंच नाय. तू न्हाई म्हनलीस तर तो परत आत, मी त्याच्या शेजारी, आन् खोटी फिर्याद म्हनून तू आमच्या समोर."

"आन् व्हय म्हनले तर?"

"तर तुझा धनी मेलाच न्हाई."

आंत तो माणूस उभा होता. उजेडाची संवय नसल्यामुळें डोळ्यांवर हात धरून होता.

विसोपंतांनीं पुसलें, "नांव?"

तो म्हणाला, "काय बरं सांगितलं हुतं... हां, हैबती."

"दात पुढें होते ऐसें ऐकिलें."

किल्लेदार म्हणाला, "पडले, सरकार. किल्ल्याचं पाणी जड हाय."

विसोपंतांनीं त्या माणसाकडे पाहिलें, आणि छताकडे पाहिलें, आणि छत चांगलें कोरीव आहे. मग म्हणाले, "बाई, हाच तुझा नवरा?"

चिमाई जवळ गेली. तो माणूस ओठ न हालवितां म्हणाला, "मला भाकरी थापता येती. परत धाडू नगा."

चिमाई विसोपंतांकडे वळली. मग म्हणाली, "ह्योच."

सनई वाजली. या राज्यांत कोणी निरपराधी फांशीं गेला नाहीं ऐसें सदरेनें जाहीर केलें. वाटेंत चिमाईनें त्या माणसास विचारिलें, "तुमचं खरं नाव काय?" तो म्हणाला, "सांगू नये. त्या नावाचा मानूस अजून किल्ल्यातच हाय. नाव निघालं तर मला धरून त्याच्या जागी ठेवतील." चिमाई म्हणाली, "मग राहू द्या माझ्या धन्याचंच. त्याला आता लागत न्हाई."

घरीं येऊन तिनें बांगड्या फोडावयास दगड उचलिला, तों संगें आलेला शिपाई म्हणाला, "बाई, सदरेनं नवरा जिता ठरिवलाय. एक बांगडी फुटली तर बेअदबी हुईल." मग तिनें दगड खालीं ठेविला. तितक्यांत आळींतील बायका ओटी भरावयास आल्या, आणि नवरा आला म्हणोन गाणीं म्हणों लागल्या, आणि तिनें पदर पुढें केला.

येणेंप्रमाणें सदरेची हकीकत आहे. सांप्रत माणूस मागावयास सदरेस कोणी बाई येत नाहीं. नवरा म्हणोन कोण हातीं देतील याचा नेम नाहीं ऐसें त्या आपसांत बोलतात. कोणीच येत नाहीं त्या अर्थीं राज्यांत अन्याय उरला नाहीं, ऐसें सदरेनें ठरविलें आहे. बहुत काय लिहिणें.