हाताला चिकटलेला रेणू

"बाबा, माझा रेणू कुठाय?"

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले ते उजवा हात पाठीमागे धरून. सकाळ मळकट होती, चहावर साय धरली होती, आणि चिमीचं सेमिनार तोंडावर आलं होतं.

"खिडकीत ठेवलाय. जरा वारा लागू दे म्हटलं."

"रेणूला वारा कशाला?"

"असू दे गं. कोंदट घर आपलं."

चिमी तिशीला टेकली होती. विद्यापीठात तिचं नाव आदराने घेत नसले तरी पूर्ण घेत. बाबांच्या लेखी मात्र ती चिमीच. समुद्रातल्या एका स्पंजाच्या पोटात एक रेणू सापडतो. तोच रेणू चंबूत, साध्या रसायनांपासून, पायरी पायरीने बनवायचा हे तिचं काम. त्या रेणूची रचना तिच्या सरांनीच तरुणपणी शोधून छापली होती. त्या रचनेची तसबीर विभागाच्या सभागृहात लावलेली होती, आणि सर तसबिरीखालच्याच खुर्चीत बसत.

चिमीने रेणू बनवला. डोळ्यांत तेल घालून, थेंबाथेंबाने बनवला. पण यंत्राने काढलेला त्याचा आलेख, म्हणजे रेणूतले अणू कसे मांडलेत त्याची खूण, स्पंजातल्या रेणूच्या आलेखाशी जुळेना. पुन्हा बनवला, पुन्हा जुळेना. सर दर वेळी एकच म्हणत, "हात स्वच्छ ठेवत जा." आज बाहेरून परीक्षक बाई येणार होत्या. ऐकून त्या ठरवणार, चिमीला मुदतवाढ की निरोप.

म्हणून तिने रंगीत गोळे आणि काड्या जोडून रेणूचा सांगाडा केला होता, कोबीच्या गड्ड्याएवढा. तो पिशवीत मावेना. तिने तो तळहातावर घेतला.

"आज जड का वाटतोय हा?"

"ओझं मनाचं असतं, पोरी," बाबा म्हणाले आणि हात पाठीमागेच ठेवून दार लावून घेतलं.

बसमध्ये तिकीट काढायला तिने हात बदलायला घेतला, आणि सांगाडा हाताबरोबरच आला. तिने झटकला. तो हलला नाही. डाव्या हाताने तिने फोन लावला.

"बाबा, काय लावलंत याला?"

"का? निघाला का?"

"निघत नाहीये."

"मग चांगला बसलाय."

आई गेल्यापासून बाबा घरातलं मोडलेलं काही टाकू देत नसत. कपाचा कान, चष्म्याची काडी, देवळीतल्या बल्बचा खटका, सगळं ट्यूबमधल्या झटपट डिंकाने जोडत. जे जाईल ते गेलं, पण राहिलेलं तरी हातातून निसटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आज सकाळी टेबल पुसताना त्यांचं कोपर लागलं आणि रेणू फरशीवर विखुरला. बाबा टेबलाखाली रांगले, एकेक गोळा वेचला.

"आणि पुन्हा पडायला नको म्हणून डिंक," ते म्हणाले. "माझी बोटंही चिकटलीत, म्हणून तर हात लपवला. पण सगळं जसंच्या तसं लावलंय हं. जितकी भोकं तितक्या काड्या. एक कमी नाही, एक जास्त नाही."

चिमीने फोन ठेवला आणि एक गोळा ओढून पाहिला. तोही निघेना.

प्रयोगशाळेत ॲसिटोन होतं. त्याने डिंक सुटला असता, पण गोळेही विरघळले असते. रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा भरल्या हाताने उभं राहावं, असं ठरवून ती सभागृहात शिरली. डाव्या हाताने कळ दाबताना तिच्या स्लाइड दोन दोन पुढे जात. उजव्या हाताची सावली पडद्यावर पडे, आणि छापील रचनेवर एक काळं झुडूप डोलत राही. सर डोळे मिटून होते. परीक्षक बाईंचे उघडे होते, ते जास्त वाईट.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "स्पंजातल्या रेणूच्या आलेखात हे दोन हायड्रोजन अगदी शेजारी दिसतात. पडद्यावर?"

"लांब आहेत, मॅडम. एक वर, एक खाली. तेच जुळत नाही."

"मग तुमच्या हातात ते गळ्यात गळा घालून का बसलेत?"

चिमीने हाताकडे पाहिलं. खरंच. वरचा पांढरा गोळा, म्हणजे हायड्रोजन, खाली होता. भोकं भरली होती सगळी. पण कुठल्या भोकात काय, याच्याशी बाबांना देणंघेणं नव्हतं.

"चुकून झालंय, मॅडम."

"द्या बघू इकडे."

"देता येत नाही."

बाई उठून आल्या. नाडी बघावी तसं त्यांनी चिमीचं मनगट धरलं आणि हात हळूहळू फिरवला.

"हे असं असावं, हे कोणी सुचवलं?"

चिमीला टेबलाखालचे बाबा दिसले. "घरी... चर्चा झाली होती."

"चर्चा चांगली झाली. असा असेल तर तो आलेख जुळतो. म्हणजे मूळ रचनाच चुकलीय." बाईंनी मनगट सोडलं. "तुम्ही बनवलात तो रेणू चोख आहे. तसबिरीबरहुकूम. फक्त तसा रेणू समुद्रात नाही."

सगळ्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग नजरा आपोआप खाली घसरल्या. सरांनी डोळे उघडले, चष्मा पुसला.

"मला फार दिवस शंका होतीच," ते म्हणाले. "म्हणून तर हा विषय हिला दिला."

चिमीला मुदतवाढ मिळाली. तो हायड्रोजन अगदी दुसऱ्या पायरीलाच बसत असल्यामुळे बाकीचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिने बनवलेल्या रेणूची एक कुपी होती; तिच्यातली पांढरी चिमूट जगात दुसरीकडे कुठेच नव्हती, आणि कोणाला नकोही होती. तिने कुपी पुसली आणि परत जागेवर ठेवली.

घरी बाबा कोमट पाणी आणि तेल घेऊन बसले. तिच्या तळहाताची कड इवलीइवली सोडवत राहिले, लहानपणी काटा काढत तसे.

"माझ्यामुळे काही बिघडलं का गं?"

"एक गोळा उलटा बसला होता."

बाबांची बोटं थांबली. "मग? काढून टाकलं तुला?"

"नाही. आणखी काही वर्षं दिली."

"म्हणजे बरं झालं की वाईट?"

"ते अजून जुळत नाहीये, बाबा."

सांगाडा सुटला. एक पांढरा गोळा मात्र तळहातावरच राहिला. बाबांनी तो जपून उचलला आणि दिव्यासमोर धरला.

"हा कुठे होता?"

तिने सांगाडा त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्हाला वाटेल तिथे लावा," चिमी म्हणाली. आणि बाबांनी आपला जोडलेल्या काडीचा चष्मा डोळ्यांवर चढवला.