गंगाधररावांच्या बाटलीतला गॅस

"जो गॅस मी रातंदिवस नाकातनं सोडून राहिलो, तो सिलिंडरमध्ये भरून विकत आणू? येडा समजता काय मले!"

समता कॉलनीतले गंगाधरराव बायकोवर, म्हणजे सुनीतीबाईंवर, गरजत होते. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत गप्पी मासे मजेत होते; पण त्यांच्यासोबत लावलेली खरी झाडं पिवळी पडत चालली होती. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, असं दुकानदाराचं निदान. सिलिंडर घ्या, हा त्याचाच सल्ला!

गंगाधररावांनी मोबाईलवर घरगुती उपाय हुडकला. बाटलीत साखरपाणी आणि पावाचं यीस्ट घालायचं, ते आंबलं की गॅस सुटतो, तो नळीनं टाकीत सोडायचा. साखरेऐवजी त्यांनी गूळ घातला. "झाडाइले ताकद येते!" यीस्ट सढळ हातानं टाकलं आणि बाटली पार गळ्यापर्यंत भरली.

मे महिन्यातलं रायपूर! दुपारपर्यंत बाटली अशी खदखदू लागली, जशी आत एखादी वरातच कोंडली आहे. टाकीत बुडबुडे सुटले. गंगाधरराव हरखले. पण त्याचबरोबर घरभर एक वास सुटला, आणि तो खिडकीतून गल्लीत उतरला.

पाठोपाठ शेजारचे श्यामराव नाक पुढे करून घरात शिरले. ते कॉलनीच्या नशामुक्ती समितीचे अध्यक्ष.

"गंगाधरराव, मोहाची दारू काढून राहिले काय घरात?"

"काहून? गॅस आहे तो! झाडांसाठी!"

"झाडं पितात?"

"गॅस! गॅस पितात!"

"मंग वास काहून असा?"

"मी बी केव्हाची हेच विचारून राहिली," सुनीतीबाई म्हणाल्या.

घरचाच साक्षीदार फुटला! गंगाधररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या जन्मात ज्यानं खोकल्याचं औषधसुद्धा भीत भीत घेतलं, त्याच्यावर हा आळ?

"हे पाहा! नीट पाहा!" म्हणत त्यांनी बाटली उचलली आणि श्यामरावांच्या नाकासमोर खळाखळा हलवली.

बाटलीनं क्षणभर विचार केला. मग सगळा तपकिरी फेस सरसर नळीत चढला आणि भसकन टाकीत उतरला! पाणी चहासारखं झालं. थोड्याच वेळात गप्पी वर येऊन तोंडं उघडून हवा घेऊ लागले.

"अहो, मरून राहिले ना ते!" सुनीतीबाई किंचाळल्या आणि भरून ठेवलेल्या पाण्याची बादली घेऊन धावल्या. गंगाधररावांनी गाळणी घेतली. पण कितीही फिरवली तरी तिच्यात एकही मासा येईना. शेवटी श्यामरावांनीच भांडण सोडलं, गाळणी हिसकावली, कोपरापर्यंत हात घातले आणि एकेक करून सगळे मासे बादलीत पोचवले. त्या धांदलीत निम्मी टाकी त्यांच्या सदऱ्यावर आली.

"मासे वाचले," ते धापा टाकत म्हणाले. "पण तुमची तक्रार मी करणारच!" आणि तसेच निथळत, घमघमत, भर गल्लीतून घरी गेले. ओट्याओट्यावरची मंडळी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात निवृत्त मुख्याध्यापक नरहरी सर, काखेत रिकामा थर्मास. इकडेतिकडे पाहत ते कुजबुजले, "भैया, अध्यक्षसाहेब बी तुमच्याकडूनच घेतात म्हणे. थोडी आमाले बी..."

"सर! ते झाडांसाठी होतं!" गंगाधरराव ओरडले.

नरहरी सरांनी समजूतदारपणे डोळा मिचकावला.

"हव, हव. माझ्या घरी बी आहेत ना झाडं."