बिनपडद्याचा ट्रेनर

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या स्तिपेच्या खिडक्यांना पडदे नाहीत. संध्याकाळी मी सायकल लावायला गेलो की आतल्या उजेडात तो एकटा उभा दिसतो, समोर टेबलावर मीठदाणी, मिरपूडदाणी आणि चारपाच लिंबं मांडलेली. लिंबं म्हणजे समोरचा फुटबॉल संघ. मीठदाणी म्हणजे आपला बचाव. तिला तो रागावत असतो. सगळं एर्लांगेन हे येता-जाता बघतं, पण जर्मन माणूस बघूनही न बघितल्यासारखं करण्यात तरबेज. मी पुण्याचा. मी थांबून बघतो.

एकदा न राहवून विचारलंच, "पडदे का लावत नाहीस?"

"आल्झो, पुणे," इथल्या लोकांसारखी 'तर मग'ने सुरुवात करत तो म्हणाला, "ट्रेनरने पडदे लावायचे नसतात. पडदे लावले की नोकरी जाते."

मला तो पुणे म्हणतो. प्रत्येक खेळाडूला गावाच्या नावाने हाक मारायची त्याची पद्धत. माणसांची नावं तोंडात बसली की संघ सोडताना जड जातं, असं त्याचं म्हणणं.

आणि संघ सोडण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नसेल. क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या एका गावातून तो तरुणपणी जर्मनीत खेळायला आला. गुडघा गेल्यावर ट्रेनर झाला, म्हणजे संघ जिंकला की मागे उभा राहणारा आणि हरला की पुढे ढकलला जाणारा माणूस. पहिल्याच क्लबात घराला हौसेने पडदे लावले आणि महिन्याभरात नारळ मिळाला. तेव्हापासून पडदे खोक्यात. तरी नारळ काही चुकले नाहीत. एका क्लबने फोनवर काढलं. एकाने हरून परत येताना बसमध्येच. एकाने तर वाढदिवसाचा केक कापून झाल्यावर. केक चांगला होता, हे तो आवर्जून सांगतो.

आता या वयात तो आमच्या भागातल्या क्लबच्या 'आल्टे हेरेन' संघाचा बिनपगारी ट्रेनर आहे, किंवा होता. आल्टे हेरेन म्हणजे पस्तिशी ओलांडलेले, पोट सुटलेले सभ्य गृहस्थ. त्यात मीही. डॉक्टरांनी मला हालचाल वाढवायला सांगितली आणि मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, परस्पर माझं नाव घातलं. माझा खेळ क्रिकेट, तोही लहानपणी कॉलनीत आणि नंतर सोफ्यावर. सबंध मोसम मी राखीव खेळाडूंच्या बाकावर काढला. "तू माझं गुप्त अस्त्र आहेस," स्तिपे म्हणायचा. ते गुप्तच राहावं, अशी बाकीच्या संघाची मनापासून इच्छा होती.

शेवटच्या सामन्याआधी क्लबच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, आज हरलात तर पुढच्या मोसमाला नवा ट्रेनर. स्तिपेने मान डोलावली. मंगळवारचा सराव आणि शनिवारचा सामना सोडला तर त्याच्या आठवड्यात दुसरं काहीही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आमचे गृहस्थ जिवाच्या आकांताने धावले. दहाएक मिनिटं उरली तरी बरोबरी टिकून होती आणि बरोबरीने काम भागत होतं.

तेवढ्यात स्तिपे माझ्याकडे वळला. "पुणे, तयार हो."

"आत्ता? अरे, मी गेलो तर हरू आपण."

"शक्य आहे," तो म्हणाला. "पण बुटाला गवत न लागता माझा एकही खेळाडू मोसमाअखेर घरी गेलेला नाही. उगाच का मला सगळीकडून काढलं?"

गेलो. जमेल तेवढं चेंडूपासून लांब राहिलो. शेवटी आमच्याच गोलसमोर एक उंच चेंडू सरळ माझ्या दिशेने आला. आता, अंगावर उंच चेंडू आला की आमच्या पिढीचे हात आपोआप वर जातात. मी दोन पावलं मागे सरकलो, नजर चेंडूवर ठेवली आणि अलगद झेलला. फार सुंदर झेल होता. कॉलनीत टाळ्या पडल्या असत्या. इथे शिट्टी वाजली, त्यांना पेनल्टी मिळाली आणि आम्ही हरलो.

अध्यक्षांनी तिथेच स्तिपेशी निरोपाचं हस्तांदोलन केलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. स्तिपे माझ्याजवळ येऊन माझे बूट बघत म्हणाला, "गवत लागलं." आणि जाता जाता, "झेल चांगला होता."

घरी येऊन मी मृणालला सगळं सांगितलं. तिने हसू दाबलं, मग माझा चेहरा बघून माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. खूप हळू बोललो असणार.

दुसऱ्या दिवशी स्तिपे दारात. त्याला ड्रिल हवं होतं. मला वाटलं, नेहमीसारखा गाव सोडणार, भिंतीवरचे स्क्रू काढायचे असतील. "आज रविवार," मी म्हणालो, कारण जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी, भोक पाडलं तर अख्खी इमारत दारात उभी राहते. सोमवारी संध्याकाळी ड्रिल घेऊन खाली गेलो. सामान बांधलेलं नव्हतं. उलट एक जुनं खोकं उघडलेलं होतं आणि टेबलावर, लिंबांच्या जागी, निळ्या माशांचे पिवळे पडदे होते.

"आता मला कोण काढणार?" तो म्हणाला. "काढायला क्लबच उरला नाही. आता लावता येतील."

मी भोकं पाडली. पहिली दोन वाकडी गेली. पडदे लागले. खिडकीला वीतभर आखूड पडले.

"मारियाने पहिल्या घराच्या मापाने शिवले होते," तो म्हणाला. मारिया त्याची बायको, एवढं त्याच्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवरून मला माहीत होतं. "प्रत्येक नव्या घरी म्हणायची, स्तिपे, आता तरी लाव. मी म्हणायचो, मोसम संपू दे. ती गेली तेव्हाही खोक्यातच होते."

मग मैदानाच्या रेषेबाहेर उभा राहायचा तसा तो दोन पावलं मागे सरकला, हात पाठीशी बांधले आणि पडद्यांशी क्रोएशियनमध्ये काहीतरी बोलू लागला. मला ती भाषा येत नाही. पण हरून घरी आलेला नवरा बायकोशी कोणत्या आवाजात बोलतो, ते मला शनिवारपासून चांगलं माहीत होतं.